शेवंताबाईचे दोन हात

दुपारचे अडीच वाजलेत. बैठक साडेतीनला पुन्हा बसणार आहे, म्हणून मी दवाखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीत येऊन आडवा होतो. मे महिना आहे. कूलरमधलं पाणी संपत आलंय आणि वाळ्याच्या वासात तापलेल्या पत्र्याचा वास मिसळलाय. पोटात वरण-भात, छातीवर आराखड्याचे कागद. एक पान वाचायचं ठरवतो आणि पहिल्याच ओळीवर अक्षरं एकमेकांत सरकायला लागतात.

कागद आमच्या चाचणीचे आहेत. कुष्ठरोगात नसा सुजतात. कोपराशी, हाडाच्या खोबणीतून जाणारी नस सुजली की तिला जागा पुरत नाही. करंगळीकडची बाजू बधिर होते, मग बोटं आत वाकतात. सूज उतरवायला गोळ्या असतात. आमच्यासारखे काही सर्जन गोळ्यांच्या जोडीला ऑपरेशन करतात, कोपराशी चीर देऊन नस मोकळी करतात. मी एकतीस वर्षं हे केलं. पण गोळ्यांनी जे मिळतं त्यापेक्षा ऑपरेशनाने काही जास्त मिळतं का, हे नीट पारखून कोणी पाहिलेलं नाही. आता पाहायचं आहे. निम्म्यांना नुसत्या गोळ्या, निम्म्यांना गोळ्या आणि ऑपरेशन. कोण कुठल्या बाजूला, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार.

त्यासाठी किती रुग्ण लागतील ते नसरीन काझी काढते. ती नागपूरची संख्याशास्त्रज्ञ, पंचेचाळिशीची, मोजकं बोलणारी. हिशेब सुरू करायला तिला एक आकडा हवा असतो: ऑपरेशनानंतर किती हात सुधारतात? तो आकडा माझा आहे. माझ्या जुन्या शोधनिबंधातला. त्रेसष्ट जणांवर ऑपरेशन, बासष्टांची तपासणी, एक्कावन्न जणांचे हात सुधारले.

"आणि तो एक, सर?" सकाळी तिनं विचारलं होतं.

"पुन्हा आलीच नाही ती."

"एकच गळाला? त्या काळात? कमाल आहे," असं म्हणून तिनं आकडा लिहून घेतला होता.

मी कुशीवर वळतो. हात उशीखाली जातो. कूलरची घरघर लांब जाते, आणखी लांब जाते, आणि दाराबाहेर कोणीतरी चपला काढून ठेवतं.

"या साहेब. बसा," बाई म्हणते.

खोली माझी आहे, पण खाटेच्या जागी बाह्यरुग्ण विभागातलं लांब लाकडी बाक आहे आणि त्याच्या टोकाला शेवंताबाई नन्नावरे बसली आहे. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि कातरी. उजवा हात पदराखाली आहे.

ती मेली आहे हे मला माहीत आहे. सप्टेंबर नव्व्याण्णवमध्ये मेली, बत्तीस वर्षांची होऊन. तरी मी बसतो.

"पाकीट उघडलं का मायं?" ती विचारते.

"कुठलं पाकीट?"

"तेच. आता तुमी लोकाईच्या नावाची पाकिटं करून रायले ना. कोनाले कापाचं, कोनाले नाई."

"ते नव्या रुग्णांसाठी आहे, शेवंताबाई."

"हो का," ती म्हणते आणि डाव्या हाताने एक पान उचलून उजेडाकडे धरून पाहते. "मंग जुन्याईचं काय, ते ठरलं असन."

मी बाकावर सरकून बसतो आणि आम्ही विडी कारखान्याच्या ओसरीत आहोत. बायका रांगेने बसल्या आहेत, पानं कापतात, तंबाखू भरतात, वळतात, धागा बांधतात. पवनीजवळच्या ज्या गावातून ती यायची तिथलीच ही ओसरी असणार. मी तिथे कधी गेलो नव्हतो. शेवंताबाई त्या गावातली सगळ्यात चलाख विडीवाली होती, असं आमचा तुमसरे सांगायचा. तुमसरे म्हणजे हातापायांची तपासणी करून तक्ते भरणारा आमचा तंत्रज्ञ. दिवसाला हजार विड्या, एकही खराब म्हणून छाटली जायची नाही.

ती माझ्याकडे आली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. दोन्ही कोपरांच्या नसा बोटाएवढ्या जाड झालेल्या. हात लावला तरी कळ जायची. मी तिला म्हणालो होतो, गोळ्या घे आणि ऑपरेशन कर, दोन्ही हातांचं. तिनं बराच वेळ विचार केला होता.

"एकच करा," तिनं सांगितलं. "दुसरा राहू द्या. दोन्ही बांधले त पोरीची वेणी कोन घालन?"

"मग कुठला करू?"

"उजवा. कामाचा थोच हाये. थो पयले नीट करा."

आता ओसरीत माझ्यासमोर तोच वेणीचा प्रश्न विचारायला ती पुन्हा तोंड उघडते आहे असं मला वाटतं. पण ती म्हणते, "तवा तुमाले माहीत होतं का साहेब?"

"काय?"

"का त्यानं हात नीट होते म्हनून."

रांगेतल्या बायकांचे हात चालतच आहेत. कोणी वर पाहत नाही.

"आम्हाला तसं वाटत होतं," मी म्हणतो. "आमच्या गुरूंनी तसं शिकवलं होतं. ज्यांना ऑपरेशन केलं त्यातले खूपजण बरे झालेले आम्ही पाहिले होते."

"गोळ्या त्यायनं पन खाल्ल्या असतीन."

"हो."

"मंग गोळ्यांनं बरे झाले का कापून बरे झाले, कसं कळे तुमाले?"

"नव्हतं कळत."

"पन मले तुमी असं नाई म्हटलं. मले म्हटलं, सहा महिन्यांत हात पयल्यासारखा होते. मी आयकलं. अंगठा लावला."

मी म्हणतो, "रुग्णाला शंका सांगितली तर तो घाबरतो."

"मी भेली असती त काय झालं असतं?"

तिनं हे रागाने विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती खरोखरच विचारते आहे. ती घाबरली असती, घरी गेली असती, गोळ्या घेतल्या असत्या. मी ते तिला सांगत नाही. तिला माहीत आहे.

पायाखाली वाळू लागते. ऑपरेशनची खोली आहे, वरचा दिवा तोच, टेबल तेच, पण जमीन वैनगंगेच्या पात्राची आहे आणि घोट्याएवढं कोमट पाणी वाहतंय. टेबलावर हिरवं कापड घातलेला एक हात आहे. फक्त हात. कोपराशी मी घातलेली चीर आहे, आठ टाक्यांची. टाके सुरेख आहेत. माझे टाके सुरेखच असायचे, मुंबईहून आलेले डॉक्टरही तसं म्हणायचे.

"पाहा," शेवंताबाई माझ्या मागून म्हणते.

"पाहिलंय मी."

"कवा?"

सहा महिन्यांनी पाहिलं होतं. ती तारखेला आली होती. पहाटेची एस.टी. पकडून, दोन ठिकाणी गाडी बदलून ती आली आणि त्या लांब बाकावर बसून राहिली. तुमसरेनं तिचे दोन्ही हात तपासले, तक्ता भरला आणि माझ्या टेबलावर ठेवला. डावा हात, ज्याला मी सुरी लावली नव्हती, पुरता बरा झाला होता. ताकद पूर्ण, स्पर्श पूर्ण. उजव्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलं होतं आणि त्या बाजूला तिला काहीही कळत नव्हतं.

मी तिला म्हणालो होतो, "व्यायाम करत नाहीस वाटतं." ती म्हणाली होती, "करतो जी, रोज करतो." मी म्हणालो, "तेलपाणी कर, मेणात हात शेक, पुढच्या महिन्यात ये."

त्याच आठवड्यात मला निबंध पाठवायचा होता. परिषदेला जायचं होतं, पहिल्यांदाच, विमानानं. तिचा तक्ता मी दोन दिवस खणात ठेवला. मग कार्डावर लिहिलं, 'पाठपुराव्यास आली नाही', आणि तक्ता फाडून स्वयंपाकघराच्या मागे जिथे पट्ट्या आणि कापूस जाळायचे तिथे टाकला. तुमसरेनं कधी विचारलं नाही. पण त्यानंतर तो तपासणीच्या प्रत्येक कागदावर रुग्णाचा अंगठा आणि तारीख घेऊ लागला. कशाला, हे मीही विचारलं नाही.

"मी आलती," शेवंताबाई म्हणते.

"हो."

"तारखेले आलती."

"हो, आली होतीस."

"मंग न आली काहून लिवलं?"

पाणी आता पिंढऱ्यांपर्यंत आलंय. मी म्हणतो, "एका रुग्णाने काही सिद्ध होत नाही, शेवंताबाई. तुझी उजवी नस आधीपासूनच जास्त खराब असेल. ऑपरेशन केलं नसतं तरी कदाचित तेच झालं असतं."

"असन," ती लगेच मान्य करते. "मी कुठं म्हनतो तुमीच बिघडवला? मले का माहीत? तुमाले पन माहीत नाई." ती टेबलाला वळसा घालून समोर येते. "पन साहेब, एक आंग, एक रोग, एकाच दिशी सुरू केलेल्या गोळ्या. एका हाताले कापलं, एक तसाच ठेवला. आता तुमी शंभर लोकं गोळा करून जे पाहनार, थे माया आंगावर होतं. बाकड्यावर येऊन बसलं होतं. तुमी पाहून घेतलं आन् जाळलं."

मी टेबलावरच्या हाताचे टाके मोजतो.

"मायासारख्या आखीन होत्या? एकच हात केलेल्या?"

"होत्या."

"त्यायचे दुसरे हात पाहले?"

"नाही."

"काहून?"

"तुझा पाहिल्यावर," मी म्हणतो, "पाहावेसे वाटले नाहीत."

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. शेवंताबाई मान हलवते. एखाद्या दुकानदाराने शेवटी खरा भाव सांगावा आणि गिऱ्हाइकाला तो आधीपासूनच ठाऊक असावा, तशी.

मग टाळ्या ऐकू येतात. परिषदेचं सभागृह आहे आणि मी मंचावर उभा आहे. पडद्यावर माझा तक्ता, बासष्ट, एक्कावन्न. टाळ्या तेव्हाही वाजल्या होत्या. खुर्च्यांवर माणसं आहेत, दवाखान्याचे निळे झगे घातलेली, आणि ती बोटं वाकलेल्या हातांनी टाळ्या वाजवतायत, त्यामुळे आवाज नीट होत नाही, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा होतो. पहिल्या रांगेत शेवंताबाई. ती टाळ्या वाजवत नाही. तिच्याजवळ एक आठ-नऊ वर्षांची मुलगी उभी आहे आणि आईकडे पाठ करून केस मोकळे सोडून थांबली आहे.

"कशी गेलीस तू?" मी मंचावरून विचारतो. मला माहीत आहे, पण सगळ्यांसमोर विचारतो.

"तुमसऱ्यानं सांगतलं ना तुमाले."

"तू सांग."

"बिड्या छाटल्या जाऊ लागल्या," ती सांगते. "दोरा ढिला राहे. कारखानदार म्हने, बाई, घरी बस. मंग मी हाटेलात लागली, भांड्याले, भाकरीले. चुलीपाशी. एक दिवस वास आला. मी म्हटलं, काय जळून रायलं? बाजूची म्हने, अवो, तुया हात!" ती पदराखालचा हात आत ओढते. "मले त काईच नाई कळलं. जखम झाली, मी फडकं बांधलं. मंग ताप आला. मंग हात काळा झाला."

"इकडे का नाही आलीस? आम्ही जखमा बऱ्या करतो. रोज करतो."

"आलती," ती म्हणते. "जखमेआधी एकदा आलती. खिडकीवरच्यानं कार्ड काढलं आन् म्हने, तू त येतच नाईस असं लिवलं हाये, औषध फुकट घालवनारी हायेस. चार लोकांपुढं बोलला. मंग नाई आली."

हे तुमसरेनं मला सांगितलं नव्हतं.

मंच नाही, सभागृह नाही. पुन्हा तेच बाक आहे आणि आम्ही दोघं शेजारी बसलो आहोत, एस.टी.ची वाट पाहणाऱ्या माणसांसारखे. मुलगी कुठे दिसत नाही. मला शेवंताबाईची क्षमा मागायची आहे. शब्द जुळवतो आहे तोच ती माझ्या खिशातला बॉलपेन काढून घेते, डाव्या हाताने.

"डोळे मिटा," ती म्हणते. "पाहू नोका. जेथं लागन तेथं बोट ठेवा."

ही तुमसरेची तपासणी आहे. पेनाचं टोक हलकेच टेकवायचं आणि कुठे टेकलं ते रुग्णाने डोळे मिटून दाखवायचं. मी हजारो लोकांना हे करताना पाहिलं आहे. स्पर्श कळला नाही की माणूस आधी हसतो. मग अंदाजाने कुठेतरी बोट ठेवतो आणि तपासणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो.

मी डोळे मिटतो. उजवा हात पुढे करतो. थांबतो.

"लाव की," मी म्हणतो.

"लावलं."

"कुठे?"

"तुमी सांगा."

मी हसतो. मग करंगळीवर बोट ठेवतो.

"नाई," ती म्हणते. "हे दुसरं. सांगा."

मला काही कळत नाही. तळहातावर बोट ठेवतो.

"नाई. हे तिसरं."

"शेवंताबाई, थांब जरा."

"हे चौथं," ती म्हणते. तिचा आवाज सकाळच्या गर्दीत काम उरकणाऱ्या माणसासारखा आहे, त्यात राग नाही, माया नाही. "झालं. डोळे उघडा."

मी डोळे उघडतो तर खोली आहे. कूलर बंद पडलाय. दारावर कोणीतरी टकटक करतंय.

"सर? साडेतीन झाले." नसरीन.

मी उठून बसतो. उजवा हात उशीखाली कोपरात मुडपून अंगाखाली दबला होता. करंगळी आणि शेजारचं बोट मेल्यासारखं झालंय. हात समोर धरतो. करंगळीच्या पेरावर एक, तिच्या खालच्या उंचवट्यावर एक, मनगटाजवळ एक आणि शेजारच्या बोटावर एक, असे चार निळे ठिपके आहेत. बॉलपेन खिशात आहे. टोपण लावलेलं.

नसरीन दार लोटून आत येते. माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणते, "बरं वाटत नाही का? बैठक पुढे ढकलू?"

"बस," मी म्हणतो. "तो निबंध. ती एक बाई आली होती. तारखेला आली होती. ऑपरेशन केलेला हात सुधारला नव्हता, दुसरा नुसत्या गोळ्यांनी सुधारला होता. मी तो तक्ता जाळला."

ती बसत नाही.

"काही कागद आहे, सर? कार्ड, नोंद, काहीही?"

"कार्डावर 'आली नाही' असं आहे. माझ्या अक्षरात."

"मग तिला मी हिशेबात धरू शकत नाही," ती म्हणते. "नियमानं ती आलेलीच नाही."

"मी लिहून देतो ना."

"लिहून द्या. द्यावंच लागेल." ती कागद गोळा करायला लागते, माझ्या छातीवरून घसरून जमिनीवर पडलेले. "एकीनं आकडा फारसा हलत नाही, सर. पण एक लपवला असेल तर उरलेले बासष्ट मी कोणाच्या भरवशावर घेऊ? तो आकडा काढून टाकते. आधी एक लहान अभ्यास करून नवा आकडा आणावा लागेल. नीतिसमितीची मंजुरी पुन्हा. वर्ष जाईल."

"वर्षभरात किती जण येतील दवाखान्यात, माहीत आहे?"

"माहीत आहे," ती म्हणते. "तुम्हालाही माहीत होतं." आणि ती बैठकीच्या खोलीकडे निघून जाते. दार उघडंच राहतं. बाहेर व्हरांड्यात कोणीतरी एका म्हाताऱ्याला ओरडून सांगतंय की तुझा नंबर गेला, आता उद्या ये.

मी कोरा कागद ओढतो आणि पेन उचलतो. ते बोटांतून निसटतं. पुन्हा उचलतो, पुन्हा निसटतं. डाव्या हाताने उजव्याची मूठ पेनाभोवती आवळतो आणि एवढंच लिहितो: शेवंताबाई नन्नावरे, वय एकोणतीस, ठरल्या तारखेस आली होती. अक्षर पाच वर्षांच्या पोराचं यावं तसं येतं.

सही करेपर्यंत करंगळीत मुंग्या सुरू होतात. मग कळ येते, मग ऊब. दहा मिनिटांत हात पुरता जागा होतो, जसा होता तसा. मी डोळे मिटतो, डाव्या हाताचं बोट त्या चार ठिपक्यांवर एकेक करून ठेवतो, आणि आता मला चारही ठिकाणी लागतं.